टोकियोत राहून जपानी सिनेमा बघायला मला फेस्टिवल लागला

आम्ही निशी-कासाईला राहतो, म्हणजे टोकियोचा तो भाग जिथे लिफ्टमध्ये फोडणीचा वास आला तरी कोणी दचकत नाही. इथे येऊन तीन वर्षं झाली आणि सगळ्यात मोठी गंमत कुठली विचाराल तर ही, की पुण्यात असताना मी जेवढे जपानी सिनेमे बघितले तेवढे जपानमध्ये राहून बघितले नाहीत. तिकडे लॉ कॉलेज रोडला फिल्म अर्काइव्हमध्ये ओझू बघितला, कुरोसावा बघितला (दोघेही जुने मोठे दिग्दर्शक), खाली इंग्लिश सबटायटल्स असायची, चहा पिऊन घरी. इथे थिएटरला जपानी सिनेमाला सबटायटल कशाला असेल? त्यांचीच भाषा आहे ना! एकदा हौसेने दोन हजार येन भरून गेले, भाजी घेण्यापुरतं जपानी येत होतं तेवढ्यावर, आणि अख्खा हॉल हसत होता तेव्हा मी शेजारच्या बाईचं तोंड बघून हसत होते. परत गेले नाही.

तर 2024 च्या ऑक्टोबरमध्ये जपानीच्या क्लासमधली एक तैवानची मैत्रीण म्हणाली, अगं टोकियो इंटरनॅशनल फिल्म फेस्टिवल आहे ना, तिथे जपानी सिनेमांना इंग्लिश सबटायटल्स असतात, बाहेरचे पाहुणे येतात म्हणून. मला कोणी हे आधी का सांगितलं नाही! 1985 पासून चालू आहे तो फेस्टिवल, हे 37 वं वर्ष, 28 ऑक्टोबर ते 6 नोव्हेंबर, हिबिया-युराकुचो-गिंझा भागात, आमच्या तोझाई लाईनने जाऊन एकदा गाडी बदलली की पोचलं. आणि तारखा बघितल्या तर बरोब्बर दिवाळी. लक्ष्मीपूजन 1 तारखेला, भाऊबीज 3 ला. नवरा म्हणाला, चकल्या की सिनेमे ते ठरव. मी म्हटलं दोन्ही, चकल्या तू तळ.

आता तिकिटं. तिकिटं ऑनलाईन, सकाळी 10 ला खिडकी उघडणार. मला हवा होता योशिदा दाइहाची या दिग्दर्शकाचा 'तेकी', म्हणजे 'शत्रू'. एक 77 वर्षांचे निवृत्त फ्रेंचचे प्रोफेसर, एकटे, जुनं घर, रोज स्वतःचं स्वतः नीट रांधून खातात, आणि एक दिवस कम्प्युटरवर मेसेज येतो की शत्रू येतोय. ब्लॅक अँड व्हाईट. एवढं वाचलं आणि हाच बघायचा असं ठरलं. मी पावणेदहापासून लॅपटॉप उघडून बसलेले, रांगेत नंबर मिळाला, नंबर पुढे सरकला, सीट पण निवडली, आणि मग आला नावाचा रकाना. कातकानात लिहा, म्हणजे परकी नावं लिहायची जपानी लिपी असते त्यात. ठीक आहे, लिहिलं. एरर. परत लिहिलं. एरर.

जपानीत कळफलकावरची अक्षरं दोन मापांची असतात, पूर्ण रुंदीची ती झेनकाकु आणि अर्ध्या रुंदीची ती हानकाकु. दिसायला जवळपास सारखीच, पण कम्प्युटरला वेगळी. बँकेत अर्ध्या रुंदीची लागली होती म्हणून मला तीच सवय, आणि इथे पूर्ण रुंदीची हवी असं रकान्याच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, मी वाचलंच नाही. त्यात माझं आडनाव काळे. जपानीत ळ नाही, ल पण नाही, सगळ्यांना एकच र. म्हणजे 'कारे', आणि त्यात 'का' लांब करायची आडवी रेघ कुठे टाकायची हा प्रश्न, ती रेघ चुकून एक अक्षर पुढे सरकली की त्याचं होतं करी. हो, खायची करी. घाईत मी तेच केलं, म्हणजे श्रीमती करी. फॉर्मला त्याचं काही नव्हतं म्हणा, फॉर्मला फक्त रुंदी हवी होती. ते सगळं सुधारून पुढे गेले तर कार्डाचा ओटीपी नवऱ्याच्या फोनवर, नवरा अंघोळीला. मी दारावर थापा मारतेय, तो आतून आकडे ओरडतोय कारण त्याने फोन आत नेलेला (का नेला ते विचारू नका), आणि तेवढ्यात वेळ संपली. परत आत गेले तर 'तेकी'च्या सगळ्या खुर्च्यांवर फुली.

खरं सांगते, रडायला आलं.

मग जे मिळालं ते घेतलं. 'निप्पॉन सिनेमा नाऊ' नावाचा विभाग असतो, सध्याच्या जपानी सिनेमांचा, त्यात त्या वर्षी इरिए यु या दिग्दर्शकाचे सिनेमे एकत्र लावले होते. त्यातला 'आन नो कोतो', आन नावाच्या मुलीची गोष्ट. हा जूनमध्येच इथे लागला होता, पोस्टर मी बघितलेलं आणि सबटायटल नाही म्हणून सोडून दिलेला! या वेळी झेनकाकुत 'कारे', रेघ जागेवर, ओटीपीवाला फोन माझ्या मांडीवर. तिकीट आलं.

हिबियाला थिएटरजवळच्या चौकात गॉडझिलाचा पुतळा आहे, तिथे मैत्रिणीला भेटायचं ठरलं आणि अर्थात अर्ध्या टोकियोचं तिथेच भेटायचं ठरलेलं असतं. मी डब्यात चिवडा नेलेला, बाहेरचं खाणं आत चालत नाही म्हणून आम्ही गॉडझिलासमोर उभं राहून तो संपवला. आत गेल्यावर मात्र चित्रच वेगळं. सिनेमा सुरू व्हायच्या आधीच सगळे गप्प. खाली इंग्लिश ओळी. मी त्या ओळी वाचत होते पण पहिल्यांदाच कान पण चालू होते, म्हणजे पुण्यात वाचून झालं की झालं, इथे वाचायचं आणि मग तेच ऐकायला यायचं, अरे हे तर मला येतं! गोष्ट फार जड आहे, व्यसनात अडकलेली मुलगी, मारणारी आई, जरा कुठे सावरतेय तर कोरोना. खऱ्या बातमीवरून केलाय. कावाई युउमी नावाची मुलगी काम करते, तिचा चेहरा अजून डोळ्यासमोर येतो. संपल्यावर नावांच्या पाट्या पूर्ण संपून दिवे लागेपर्यंत एक माणूस उठला नाही. आपल्याकडे शेवटच्या सीनला चपला शोधायला लागतात.

त्या दहा दिवसांत एकूण तीन बघितले. परदेशी सिनेमा असला तर खाली इंग्लिश आणि उजव्या कडेला जपानी उभं, तिथे मान कुठे वळवायची कळत नाही. भाऊबीजेला इथे बुंका नो ही, म्हणजे संस्कृती दिनाची सुट्टी होती, भावाला व्हिडिओ कॉलवर ओवाळलं आणि संध्याकाळच्या शोला पळाले.

आणि 6 तारखेला निकाल. ग्रां प्री, म्हणजे सगळ्यात मोठं बक्षीस, कोणाला? 'तेकी'ला! उत्कृष्ट दिग्दर्शक पण त्याचाच, उत्कृष्ट नट पण त्यातलेच नागात्सुका क्योझो. ज्युरीचे प्रमुख होते हाँगकाँगचे नट टोनी लेउंग. जपानी सिनेमाला ग्रां प्री 2005 नंतर पहिल्यांदा मिळत होतं. आणि माझ्या खुर्चीवर दुसरंच कोणीतरी बसलं होतं.

जानेवारीत 'तेकी' साध्या थिएटरला लागला. सबटायटल नाही, उघडच आहे. महिनाभर जपानीतली जेवणाची, घरातली, म्हातारपणाची शब्दसंपत्ती पाठ केली आणि गेले एकटी. पहिला अर्धा तास तर माझाच होता, म्हातारबा भात करतायत, कॉफी दळतायत, त्याला भाषा कशाला लागते, माझे आजोबा पण असेच एकटे दूध तापवायचे. पुढे पुढे मात्र कोण खरं आलंय आणि कोण स्वप्नात तेच समजेना. मला वाटलं झालं, संपलं आपलं जपानी.

दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये सेन्सेईंना, म्हणजे आमच्या बाईंना विचारलं, तुम्ही बघितलात का, तो शेवटचा भाग मला नीट कळला नाही. त्या थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, काळे-सान, तो मला पण नाही कळला.