भायखळा ते नागपाडा: चर्च, शाळा आणि नेबरहूड हाउस

ही फेरी कोणत्या वारी करायची ते आधी ठरवा. चर्च आतून पाहायची तर रविवारची सकाळच गाठावी लागते. एरवी फाटक बहुधा बंद असतं, आणि शाळेच्या आवारातून रखवालदार पुढे सोडत नाही. नागपाडा नेबरहूड हाउस या समाजसेवा केंद्राचं कामकाज बघायचं तर कामाचा दिवस हवा. शुक्रवारची दुपार आणि रमजानच्या संध्याकाळी टाळा, नागपाड्यात पाय ठेवायला जागा नसते.

भायखळा स्टेशनला पश्चिमेला उतरून मिर्झा गालिब मार्ग धरा. जुने लोक अजून क्लेअर रोडच म्हणतात. वाटेत अँग्लिकन क्राइस्ट चर्च लागतं. हे गिरण्यांच्याही आधीचं, साहेबांच्या वस्तीसाठी उभारलेलं. पंधरा मिनिटं पुरेत.

खरा ऐवज पुढे आहे. अमेरिकन मराठी मिशन ही प्रोटेस्टंट मिशनऱ्यांची संस्था मुंबईत आली १८१३ साली. क्लब बॅक रोडवरचं ह्यूम हायस्कूल आणि ह्यूम मेमोरियल चर्च त्याच परंपरेतलं. उपासना मराठीत चालते. सुरू होण्याआधी दहा मिनिटं मागच्या बाकावर बसा, शेजारच्याकडून ‘उपासना संगीत’ मागून घ्या. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीतं त्यात सापडतील. फोटो उपासना संपल्यावर, पाळकांना विचारूनच.

मग नागपाडा. रिक्षा इकडे चालत नाहीत; पायी जा किंवा टॅक्सी करा, आणि नुसतं ‘नागपाडा’ न म्हणता बास्केटबॉलच्या मैदानाची खूण सांगा. या मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२०च्या दशकात इथे नेबरहूड हाउस उघडलं. आजूबाजूला तेव्हा गिरणी कामगार, मुसलमान आणि ज्यू वस्ती, पलीकडे कामाठीपुरा. अशा ठिकाणी धर्मांतराची अट घातली असती तर दाराशी कोणी फिरकलंच नसतं. मॅनशार्टनी सेवा आणि धर्मप्रसार वेगळे ठेवले. मिशनच्या इतिहासात हे पाऊल वाटतं त्याहून धाडसी होतं. दर्शनी भाग साधाच आहे. वास्तुवैभव शोधणारे हिरमुसतात.

याच घरात १९३६ साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं, म्हणजे आजची ‘टिस’ (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस). पहिले संचालक मॅनशार्टच. संस्था १९५४ मध्ये देवनारला गेली. तिथलं ग्रंथालय बघायचं असेल तर आधी परवानगी काढा आणि त्यासाठी वेगळा दिवस ठेवा. भायखळ्याहून कुर्ल्याला गाडी बदलून हार्बरनं गोवंडीला उतरायचं.