‘संपूर्ण मालिका’ संपूर्ण करताना

डीव्हीडीच्या वेष्टनावर ‘संपूर्ण मालिका’ असं छापलेलं असलं की माझी अपेक्षा सरळ असते. जे टीव्हीवर दिसलं ते सगळं आत असावं, शीर्षकगीतापासून श्रेयनामावलीतल्या शेवटच्या नावापर्यंत, आणि ज्या क्रमानं दिसलं त्याच क्रमानं. गोखले रोडवर घेतलेल्या एका डीव्हीडीच्या बाबतीत ही अपेक्षा शेवटी मला घरी बसून, स्वतःच पुरी करावी लागली. ते कसं केलं हे सविस्तर लिहिते आहे, कारण ठाण्यात कित्येकांच्या माळ्यावर अजून व्हीएचएस कॅसेट पडून आहेत. त्या भंगारात जाण्याआधी हे कुणीतरी वाचावं असं मला मनापासून वाटतं.

मालिकेचं नाव सांगत नाही. नाव कळलं की डीव्हीडी काढणारी कंपनीही कळेल, आणि तशी चूक करणारी ती एकटी नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई दूरदर्शनवर गुरुवारी संध्याकाळी लागणारी मराठी मालिका, १३ भागांची. तेव्हा प्रायोजित मालिकांना १३ भागांची मंजुरी मिळायची, म्हणजे तीन महिन्यांचा ऐवज. माझे आतोबा या मालिकेत प्रकाशयोजनेला सहाय्यक होते. दर गुरुवारी शेवटी त्यांचं नाव यायचं आणि घंटाळीतल्या त्या दोन खोल्यांत शेजारपाजारचे सगळे ते नाव येईपर्यंत बसून राहायचे.

आता आतोबा नाहीत. डीव्हीडी आत्यासाठी घेतली होती.

पहिला भाग लावला तर थेट पहिला प्रसंगच सुरू झाला. शीर्षकगीत नाही. आत्या म्हणाली, “अगं, मागे घे, गाणं राहिलं.” मागे घ्यायला काही नव्हतंच. भागाच्या शेवटी संवाद पुरता संपायच्या आत दुसऱ्या भागाचा पहिला प्रसंग आला. तेराही भागांची श्रेयनामावली कापलेली. सगळ्यात शेवटी एकदाच चार मुख्य कलाकारांची आणि निर्मात्याची नावं, आणि त्यानंतर कंपनीची मोठी पाटी. नेपथ्य, रंगभूषा, वेशभूषा, ध्वनी, प्रकाश, संकलन, यातलं एकही नाव नाही.

हे नुसतं भावनेपोटी म्हणत नाही. साप्ताहिक मालिकेचा प्रत्येक भाग स्वतंत्र बांधलेला असतो. शेवटचं वाक्य आठवडाभर लोकांच्या डोक्यात घोळावं म्हणून लेखकानं ते तिथे ठेवलेलं असतं. दिग्दर्शक त्या चेहऱ्यावर चित्र गोठवतो, त्यावर संगीत चढतं, नावं सरकू लागतात आणि तेवढ्या अर्ध्या मिनिटात बघणारा त्या घरातून स्वतःच्या घरात येतो. ते काढून सगळे भाग एकाला एक चिकटवले की पाच तासांचा एक लांबलचक चित्रपट तयार होतो, आणि तो कुणीच लिहिलेला नव्हता.

दुसरा घाव चित्राच्या आकारावर. त्या काळचं चित्रण चारास तीन या प्रमाणात व्हायचं. कंपनीनं ते आजच्या रुंद टीव्हीवर पडदाभर दिसावं म्हणून सोळास नऊ केलं. त्यासाठी वरून आणि खालून कापावं लागतं आणि हिशेब केला तर चित्राच्या उंचीचा पाव हिस्सा जातो. उभ्या माणसाचं कपाळ जातं, जमिनीवर बसून निवडत असलेल्या बाईच्या हातातलं सूप जातं. परदेशातल्या मोठ्या मालिकाही यातून सुटलेल्या नाहीत. ‘साइनफेल्ड’ २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर आली तेव्हा तीही अशीच कापलेली होती आणि रस्त्यातल्या खड्ड्यावर बेतलेल्या एका भागात नेमका खड्डाच चौकटीबाहेर गेला होता. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसल्या तर प्रेक्षक चिडतो, असं कंपन्यांना वाटतं. मी तरी अशी चिडलेली व्यक्ती पाहिलेली नाही.

आणि तिसरी गोष्ट, जी आतोबांना सगळ्यात जास्त लागली असती. एका थराच्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात. दोन तासांचं काही भरलं तर सेकंदाला पाच मेगाबिटच्या आसपास माहिती वापरता येते आणि चित्र चांगलं राहतं. इथे २३ मिनिटांचे १३ भाग एकाच डीव्हीडीत कोंबलेले, म्हणजे पाच तास, म्हणजे सेकंदाला जेमतेम दोन मेगाबिट, त्यातच आवाजही. उजेडातल्या स्थिर प्रसंगात हे चटकन कळत नाही. पण सातव्या भागात माजघरात कंदिलाच्या प्रकाशातला एक लांब प्रसंग आहे. सासू आणि सून बोलत असतात आणि अंधार हळूहळू सुनेच्या बाजूला सरकतो. त्या अंधारातल्या छटा सांभाळायला किती खटाटोप करावा लागला होता हे आतोबा नेहमी सांगायचे. डीव्हीडीत तिथे नुसते काळे-करडे चौकोन थरथरत होते.

शिवाय आपल्याकडे तेव्हा टीव्ही-चित्राची ‘पाल’ पद्धत होती, ५७६ रेषांची, सेकंदाला २५ चित्रांची. डीव्हीडी मात्र परदेशातही खपावी म्हणून ‘एनटीएससी’ या अमेरिकेतल्या पद्धतीत, ४८० रेषांत काढलेली. सहावा हिस्सा रेषा तिथेच गेल्या आणि चित्रांचा वेगही बदलल्यामुळे कुणी चालू लागलं की एकात एक दोन आकृत्या दिसायच्या.

कंपनीला लिहिलं. त्यांनी डीव्हीडी बदलून दिली, पण आत तेच. फोनवर बोललेला मुलगा भला होता. “ताई, आम्हाला मास्टरच असा आला,” एवढंच तो सांगू शकत होता; मास्टर म्हणजे ज्या प्रतीवरून डीव्हीडी काढतात ती. मग निर्मात्यांच्या कार्यालयाचा पत्ता काढला. निर्माते वयस्कर आहेत, त्यांची मुलगी काम बघते. तिनं मोकळेपणानं सगळं सांगितलं. मूळ टेप दूरदर्शनकडे गेल्या त्या गेल्याच. यांच्याकडे राहिली ती पुढे एका खासगी वाहिनीसाठी बनवलेली प्रत. त्या वाहिनीला जाहिरातींसाठी जागा हवी होती, म्हणून शीर्षकगीत, नावं आणि अधलेमधले काही प्रसंग काढलेले. डीव्हीडी त्याच प्रतीवरून निघाली. शीर्षकगीताचा करार फक्त प्रक्षेपणापुरता होता, घरगुती व्हिडिओचा विचारच तेव्हा कुणी केला नव्हता, त्यामुळे कंपनीनं ते परत मिळवायचा प्रयत्नही केला नाही.

हे ऐकल्यावर माझा राग पुष्कळ निवळला, कारण ही अडचण जगभरची आहे. अमेरिकेत ‘डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी’ ही रेडिओ केंद्रावरची मालिका २००७ मध्ये डीव्हीडीवर आली तेव्हा तिच्यातली कितीतरी गाणी बदललेली होती. बरीचशी मूळ गाणी परत आली ती २०१४ च्या संचात. ‘द वंडर इयर्स’ संपली १९९३ मध्ये आणि गाण्यांच्या हक्कांपायी तिचा पूर्ण संच यायलाही २०१४ उजाडलं. त्याच वर्षी साठच्या दशकातली ‘बॅटमॅन’ आली. मालिका एका स्टुडिओची आणि पात्र दुसऱ्याच्या मालकीचं, या तिढ्यात ती इतकी वर्षं अडकली होती. फरक इतकाच की तिथे कुणीतरी पाठपुरावा करत राहिलं. ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’चं चित्रण फिल्मवर आणि संकलन व्हिडिओ टेपवर झालं होतं. ब्लू-रेसाठी मूळ फिल्म बाहेर काढून भाग नव्यानं जोडले गेले. आपल्या बहुतेक मालिका थेट टेपवर चित्रित झाल्या. परत जायला फिल्मच नाही. टेप महाग, म्हणून जुनं पुसून त्यावर नवं घ्यायचे. बीबीसीनंही ‘डॉक्टर हू’चे भाग असेच पुसले, पण हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज ऐकायला मिळतो, कारण तो प्रेक्षकांनी घरी टीव्हीसमोर बसून टेप केला होता.

हे वाचल्यावरच मी आत्याला विचारलं, तेव्हा घरी टेप केलेल्या कॅसेट आहेत का. ती म्हणाली, “अगं, आहेत की. ह्यांचं नाव यायचं म्हणून दर गुरुवारी रेकॉर्ड करायचे.”

कॅसेट माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत होत्या. प्रत्येकीवर आत्याच्या अक्षरात तारीख आणि भाग क्रमांक. पण ठाण्याचा पावसाळा आणि बंद पेटी. कॅसेटच्या खिडकीतून पाहिलं तर गुंडाळलेल्या टेपच्या कडेला पांढरी भुकटी, म्हणजे बुरशी. इथे एक गोष्ट ठळकपणे सांगते: अशी कॅसेट ‘चालते का बघू’ म्हणून कधीही लावू नका. बुरशी व्हीसीआरच्या हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला लागते, हेडवरून पुढच्या चांगल्या कॅसेटला लागते आणि टेप चिकटून तुटूही शकते.

वागळे इस्टेटमध्ये एक जुने मेकॅनिक अजून व्हीसीआर दुरुस्त करतात. आमचा व्हीसीआर वर्षानुवर्षं बंद. त्यांनी बेल्ट बदलले, टेप पुढे ओढणारा पिंच रोलर दुसऱ्या मशीनचा काढून घातला, हेड साफ केलं. कॅसेटचं काम त्यांनी मला समोर बसवून शिकवलं. कवच उघडायचं, तोंडाला मास्क लावायचा, टेप एका रिळावरून दुसऱ्यावर अगदी सावकाश फिरवत कडांची भुकटी धागे न सुटणाऱ्या कापडानं टिपायची, जिथे घट्ट बसली असेल तिथे आयसोप्रोपिल अल्कोहोल, पूर्ण वाळल्याशिवाय पुढे जायचं नाही. मग नव्या कवचात घालायची आणि सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर डब्यात ठेवायची. “मॅडम, घाई केली तर टेप गेली,” हे त्यांचं वाक्य मी प्रत्येक कॅसेटला पाळलं.

संगणकावर घेताना स्वस्तातली यूएसबी जोडणी चालली नाही. जुन्या टेपचा सिग्नल डळमळतो, चित्र वरच्या बाजूला वाकतं आणि संगणक मधल्या फ्रेम गाळून टाकतो, मग आवाज मागेपुढे होतो. मेकॅनिककाकांच्या सांगण्यावरून व्हीसीआर आणि संगणक यांच्यामध्ये एक जुना डीव्हीडी रेकॉर्डर जोडला, त्यातून जाताना सिग्नल स्थिर झाला. चित्रातलं काहीही न गमावता दाबणाऱ्या (लॉसलेस) पद्धतीनं साठवलं, तासाला तीसेक जीबी लागले. हार्ड डिस्कवर खर्च झाला, पण एकदाच चालेल अशी टेप असताना तिथे काटकसर करण्यात अर्थ नव्हता.

व्हीएचएसचं चित्र मवाळ असतं, शिवाय गच्चीवरच्या अँटेनामुळे प्रत्येक माणसाच्या शेजारी त्याची फिकट सावली. तरीही कपाळं होती, सूप होतं, गाणं होतं. आवाजात मात्र घरघर होती. डीव्हीडीचा आवाज स्वच्छ, म्हणून जिथे जिथे प्रसंग न कापता राहिलेला होता तिथे टेपच्या चित्राखाली डीव्हीडीचा आवाज बसवला. त्या निमित्तानं दोन्ही प्रती ओळीनं तपासल्या गेल्या आणि लक्षात आलं की डीव्हीडीत आठवा भाग सातव्याच्या आधी आहे! सुनेला जे पत्र सातव्यात मिळतं त्याचं उत्तर तिनं आधीच दिलेलं. कॅसेटवर सातव्या भागाच्या मागोमाग निवेदिका पुढच्या कार्यक्रमाची घोषणा करते आणि बातम्यांची सुरुवातही आलेली आहे, त्यामुळे तारखेबद्दल शंकाच उरली नाही. जाहिराती, घोषणा, बातम्यांचे तुकडे यातलं काहीही मी कापलं नाही. वेगळ्या फाइलमध्ये ठेवलं आहे.

सगळ्यात जास्त वेळ श्रेयनामावलीला गेला. बारीक अक्षरं व्हीएचएसवर वितळून जातात. आत्याला शेजारी बसवून एकेक नाव थांबवून पाहिलं. अर्ध्या शब्दावरून ती माणूस ओळखायची. “हा नेपथ्याचा, डोंबिवलीहून यायचा. ही वेशभूषेची, ह्यांच्याबरोबर लोकलनं परतायची.” अशी सगळी नावं कागदावर उतरवली. प्रकाशयोजना साहाय्य या ओळीत आतोबा आहेत, बारा भागांत.

फाइली मी कुणाला वाटलेल्या नाहीत, वाटणार नाही. हक्क निर्मात्यांचे आहेत. त्यांच्या मुलीला मात्र हार्ड डिस्कवर सगळं नेऊन दिलं, नावांच्या यादीसह. तिनं गडकरी रंगायतनजवळ भेटून ते घेतलं. पुन्हा कधी प्रकाशन झालं तर भागांचा क्रम आणि चित्राचा आकार मूळचा ठेवायला लावीन, नावं परत घालीन, असं ती म्हणाली. गाण्याबद्दल संगीतकारांच्या घरच्यांशी तिचं बोलणं चालू आहे. त्याला पैसे लागतील आणि ते मिळतीलच असं नाही. निदान नावांना तरी कुणाचा हक्क आडवा येत नाही, ती उद्या परत घालता येतील.

अकराव्या भागाचा शेवट अजून अपुरा आहे. त्या गुरुवारी कार्यक्रम उशिरा सुरू झाला आणि तीन तासांची कॅसेट श्रेयनामावलीच्या आधीच संपली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला गुरुवार संध्याकाळचं मुंबई दूरदर्शन टेप केलेल्या कॅसेट कुणाकडे असतील, तर आधी खिडकीतून कडा बघा, पांढरं दिसलं तर लावू नका, आणि वरच्या चिठ्ठीवरची तारीख मला कळवा.