कोंबडा की कोंबडी?

मेच्या शेवटच्या आठवड्यात तीन मोठी माणसं आणि तीन चिल्लीपिल्ली असे आम्ही अकोले तालुक्यात गेलो. निघण्याआधी मी रीतसर यादी केली होती: कळसूबाई, रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर, सांदण दरी, रंधा धबधबा आणि रात्री भंडारदऱ्याचे काजवे. आईनं यादी वाचली आणि विचारलं, "यात पोरांना जेवायला कधी घालणार?"

कळसूबाई म्हणजे १६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर. बारी गावातून पहाटेच चढायला लागलो. पण पहिली लोखंडी शिडी यायच्या आत साडेसहा वर्षांची भाची एका जाळीपाशी थांबली, ती थांबलीच. करवंदं! तिनं ती आजवर मीठ लावून वाटीतच पाहिलेली. काट्याला न दुखावता हात आत घालायचा, देठ मोडला की पांढरा चीक बोटाला चिकटतो, तो पँटला पुसायचा (हे शिकवावं लागत नाही). आई तिथेच दगडावर बसली आणि विचारलं, "कोंबडा की कोंबडी?" पोरं बघतच राहिली. मग खेळ समजला. आधी बोली लावायची, मग करवंद अर्धं चावून आत बघायचं. लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. पुढचा दीड तास तिथून कोणी हललं नाही. ओठ चिकानं चिकटलेले, तरी भांडणं चालूच, कारण गुलाबी निघालं की काय म्हणायचं यावर आईचाही निकाल मान्य होईना.

भाऊ हट्टानं शिखरावर जाऊन आला. म्हणाला, वर नुसतं धुरकट होतं.

सांदण, रंधा मी तिथेच खोडले. अमृतेश्वर तेवढं पाहिलं. दगडातलं कोरीवकाम मी पोरांना दाखवत होते आणि त्यांना आवडला तो गाभाऱ्यातला गार अंधार.

अंधार खरा मिळाला तो रात्री. हिरडा, बेहडा, सादड्याच्या झाडांवर पहिल्या पावसाआधी काजवे उतरतात. अख्खं झाड एका लयीत लुकलुकतं, शेजारचं झाड त्याला उत्तर देतं. हा उजेड म्हणजे त्यांची आपसातली बोलाचाली. आपला उजेड मध्ये आला की ती बिघडते. हे ठाऊक असूनही एक गाडी दिवे पेटते ठेवून, गाणी लावून झाडाखालीच उभी होती. भावानं जाऊन हात जोडले. दिवे गेले, गाणं मात्र गेलं नाही. आम्हीच पुढे चालत गेलो, टॉर्च खिशात, पोरांचे हात हातात. डोळे सरावायला दहाएक मिनिटं लागली. तेवढ्या वेळात कोणी भुताचं नाव काढलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

एक काजवा भाचीच्या बाहीवर येऊन बसला. थंड, हिरवट ठिपका, पेटतोय, विझतोय. तिनं श्वास रोखला आणि अगदी कानाशी येऊन विचारलं, "मावशी, हा कोंबडा की कोंबडी?"

झाडांवर असे लुकलुकणारे बहुतेक नर असतात, एवढं मला माहीत होतं.

"कोंबडा असावा."

"चावून बघितल्याशिवाय कसं कळलं?"