आमदारांची ईमेल आणि काळा मार्कर

माहिती अधिकाराचा अर्ज साधाच होता, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावलेला. कुर्ल्याच्या एका चाळकऱ्याला चाळीच्या पुनर्विकासाबद्दल स्थानिक आमदारांनी आमच्या कार्यालयाला पाठवलेल्या सगळ्या ईमेलच्या प्रती हव्या होत्या. जनमाहिती अधिकारी म्हणून माझ्या हातात तीस दिवस होते.

कार्यासनात लगेच सगळे वकील झाले. एकाचं म्हणणं, मेल खाजगी जीमेलवरून आलेत, द्यायचे कसे? अहो, पण २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात कलम २(च)मध्ये माहितीच्या व्याख्येत ईमेल चक्क लिहिलेली आहे. आमच्या इनबॉक्सात आली की ती आमच्या ताब्यातली. साहेबांना हक्कभंगाची धास्ती. आमदारांनी हे सभागृहात मांडलेलं नाही, कार्यालयाला शिफारस केली आहे, हे पटवण्यात माझे दोन चहा गेले.

खरी अडचण मेल उघडल्यावर कळली. आमदारांच्या फक्त दोन ओळी, ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’. खाली फॉरवर्डच्या शेपटात त्याच चाळीतल्या एका बाईंची तक्रार: नाव, मोबाइल, मुलाच्या डायलिसिसचे कागद, पासबुकाचं पान. त्यांनी आमदारांना लिहिलं होतं, शेजाऱ्याला नव्हे. कलम ८(१)(ञ) अशा वैयक्तिक माहितीसाठीच आहे (२०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने ते इतकं ढोबळ केलंय की उद्या कुणी आमदारांच्या दोन ओळीही त्याखाली झाकेल, ते वेगळंच). म्हणून कलम १०: देण्याजोगं द्यायचं, उरलेलं झाकायचं.

अर्जदाराला पीडीएफ हवी होती. आमच्या ऑपरेटरने मजकुरावर झकास काळे चौकोन टाकले. मी एक चौकोन सिलेक्ट करून वर्डमध्ये पेस्ट केला, तर बाईंचा नंबर जसाच्या तसा! मग प्रिंट काढून मार्कर फिरवला. कागद खिडकीशी धरला तर आकडे अजून वाचता येत होते. शेवटी त्याची झेरॉक्स काढली आणि तिचं स्कॅन पाठवलं.

अर्जदार दुसऱ्या दिवशी हजर. “आमदार काय म्हणाले ते कळलं. पण काम अडवलं कुणी, ते नाव कुठाय?”

“ते मिळणार नाही, काका. अपिलाचा पत्ता पत्रात खाली दिलाय.”

त्यांनी अपील केलंय, कलम ८(२)च्या जनहिताचा आधार घेऊन. सुनावणीला मी नस्ती घेऊन जाणार आहे, मूळ प्रती बंद पाकिटात घालून.