चव्वेचाळीस सहाशे

"तुम्ही नक्की कुठे आहात?" हा प्रश्न मी ड्युटीवर दिवसभर विचारते आणि निम्म्या वेळा एकच उत्तर येतं, "एक्स्प्रेसवेवर."

कळंबोलीपासून किवळ्यापर्यंत साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा हा मुंबई-पुणे रस्ता. दोन्ही बाजूंना कुंपण. पत्ता सांगायला ना चौक, ना दुकान, ना मारुतीचं देऊळ. शहरात माणूस पटकन सांगतो, अमुक बँकेच्या समोर या. इथे सांगण्यासारखी खूण एकच, कडेचा किलोमीटरचा दगड. चव्वेचाळीसच्या पुढे दोनशे, चारशे, सहाशे असे मीटरचे आकडे. आमची सगळी भाषाच त्या आकड्यांची. "एकेचाळीस पाचशे, पुणे लेन, टेम्पो बंद" एवढं वायरलेसवर बोललं की पेट्रोलिंगच्या पोरांना झाड न् झाड डोळ्यांपुढे दिसतं. गाडी चालवणाऱ्याला मात्र तो दगड कधी दिसलेलाच नसतो, कारण त्याची कधी गरज पडलेली नसते.

मी खोपोलीची. कंट्रोल रूममध्ये फोन आणि वायरलेस सांभाळते. टायर फुटला, डिझेल संपलं, फास्टॅग ब्लॅकलिस्ट झाला, टोल दोनदा कापला, घाटात किती ट्रॅफिक आहे, असे फोन दिवसभर सुरू असतात. टोलवरून तर लोक फार चिडून बोलतात. २०२३ च्या एप्रिलमध्ये कारचा एका बाजूचा टोल २७० चा ३२० झाला, तेव्हा कित्येक दिवस मी तेच ऐकत होते. मला तो राग पटतो. एवढे पैसे मोजणाऱ्याची गाडी रस्त्यात बंद पडली, तर त्याच्यापर्यंत कोणीतरी वेळेत पोचलंच पाहिजे. तो त्याचा हक्क आहे.

सांगायचं आहे ते त्याच वर्षीच्या ऑगस्टमधलं. १२ तारीख, शनिवार. पंधरा ऑगस्ट मंगळवारी होता, म्हणजे सोमवारची एक रजा टाकली की चार दिवस मोकळे. अशा शनिवारी सकाळी मुंबईतून अख्खी वस्ती घाटाकडे निघते. घाटात मुळात अडचण अशी की, जुना हायवे आणि एक्स्प्रेसवे खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत एकत्र येतात. चार लेनचा रस्ता सहा लेनच्या रस्त्यात शिरतो. त्यात चढ. कॉइलने भरलेले ट्रेलर पहिल्या गिअरवर चढतात, मागे एसी लावलेल्या गाड्या एकेक फूट पुढे सरकतात, इंजिनं तापतात, क्लचप्लेटी जळतात. जुलैमध्ये आडोशी बोगद्याजवळ दरड आली होती, इर्शाळवाडी दरडीखाली गेली त्याला तर महिनाही झाला नव्हता. आम्ही सगळेच डोंगराकडे बघून काम करत होतो.

त्या दिवशी साडेदहापासूनच पुणे लेन जाम. एक ट्रेलर मधल्या लेनमध्ये बंद, त्याच्या मागे दोन कार गरम होऊन बोनेट उघडून उभ्या. क्रेन निघाली होती, पण क्रेनलाही त्याच गर्दीतून वर चढायचं होतं.

अकरा एकतीसला फोन आला. बाईंचा आवाज, वयस्कर. पहिलं वाक्य, "अहो, यांना कसंतरीच होतंय."

विचारत गेले तसं कळत गेलं. नवरा-बायको दोघंच, वाशीला लेकीकडे राहून साताऱ्याला परत निघालेले. काका गाडी चालवत होते. छातीत दुखायला लागलं, घामाने शर्ट भिजला, डावा हात जड झाला. तरी त्यांनी गाडी डाव्या कडेला घेतली होती. शुद्धीवर होते, मागून त्यांचं कण्हणं ऐकू येत होतं. फोन काकांचा, काकूंच्या हातात.

"काकू, कुठे आहात तुम्ही?"

"एक्स्प्रेसवेवर."

"बाहेर एखादा दगड दिसतो का, आकडा लिहिलेला?"

"धुकं आहे गं बाळा. काही दिसत नाही."

आधी त्यांच्याकडून गाडी बंद करून घेतली, हँडब्रेक ओढून घेतला. पार्किंग लाइट कुठे असतात ते त्यांना माहीत नव्हतं. "लाल त्रिकोण काढलेलं बटण शोधा, बहुतेक मधेच असेल," म्हटलं. टिक्-टिक् असा आवाज फोनवर आला तेव्हा मला बरं वाटलं. मागच्याला निदान गाडी दिसेल. काकांची सीट मागे करायला सांगितली, शर्टाची वरची बटणं सोडायला सांगितली, त्यांना उतरू देऊ नका म्हटलं.

आज असा फोन आला तर माझ्यासमोर पडदे आहेत. आयटीएमएसचे, म्हणजे वाहतुकीवर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेचे, कॅमेरे २०२४ मध्ये आले. तेव्हा घाटातला प्रत्येक कोपरा आम्हाला दिसत नव्हता. माझ्याकडे होते ते फक्त काकूंचे डोळे.

आम्ही अशा वेळी फास्टॅगचा मेसेज वाचून घेतो. टोलवर पैसे कापले की मालकाच्या फोनवर एसएमएस येतो, त्यात नाक्याचं नाव असतं आणि वेळ असते. खालापूरचा आला असेल आणि तळेगावचा नसेल, तर गाडी त्या दोन नाक्यांच्या मधे. वेळेवरून पुढचा अंदाज बांधता येतो. फोन स्पीकरवर टाकून मेसेज उघडायला सांगितलं.

"चष्मा सापडत नाहीये," काकू म्हणाल्या. पर्स उपसल्याचा आवाज येत होता. नाणी, किल्ल्या, गोळ्यांचं पाकीट. चष्मा नाही. "थांब. मी शाळेत होते जिल्हा परिषदेच्या. अक्षरं लावते."

त्यांनी फोन हात लांब करून धरला असणार, कारण आवाज एकदम दूर गेला. मग एकेक अक्षर येऊ लागलं. के. एच. ए. एल. पहिलीतल्या मुलाला वाचून दाखवावं तसं, सावकाश, न चुकता. शेजारी नवरा कण्हतोय आणि ही बाई अक्षर न् अक्षर सुटं करून मला देते आहे. खालापूर. दहा वाजून आठ मिनिटं.

माझ्या मनात हिशेब सुरू झाला. ऐंशी मिनिटं. त्या दिवशीच्या गतीने म्हणजे... तेवढ्यात त्या म्हणाल्या, "टोलनंतर चहाला थांबलो होतो आम्ही. फूडमॉलला."

"किती वेळ?"

"बराच. यांना तिथेच जरा अस्वस्थ वाटत होतं."

हिशेब गेला. मग बोगदे मोजले. "टोलनंतर बोगदा लागला का?" लागला. "एकच की दोन?" एकच. म्हणजे आडोशी मागे पडला, खंडाळ्याचा अजून यायचा. मधला तुकडा पाच-सहा किलोमीटरचा, सगळा घाट, सगळा जाम. पूर्वी अशा वेळी आम्ही विचारायचो, "अमृतांजन पूल गेला का?" लहान पोरालाही तो पूल कळायचा. १८३० साली बांधलेला तो दगडी पूल २०२० च्या एप्रिलमध्ये, लॉकडाउनमध्ये रस्ता रिकामा असताना पाडला. वाहतुकीच्या दृष्टीने ते बरोबरच होतं, त्याच्या खांबांमुळे तिथे रस्ता आवळला जायचा. जागेचं नाव आम्ही अजून तेच घेतो. पण त्या सकाळी मला तो पूल फार आठवला.

"काकू, शेजारी काय उभं आहे?"

"ट्रक आहे मोठा. लोखंड आहे त्याच्यावर."

"काच खाली करा. ड्रायव्हरला हाक मारा. फोन त्याच्या हातात द्या."

ट्रेलरवाले या घाटात आयुष्य काढतात. लोक त्यांना लेन सोडत नाहीत म्हणून शिव्या देतात, आणि उजव्या लेनमध्ये रेंगाळणाऱ्यांवर माझाही राग आहे. पण घाट पाठ असतो तो त्यांनाच. फोनवर आलेला माणूस बीडकडचा होता, बोलण्यावरून कळलं. मी म्हटलं, "दादा, दगड बघून आकडा सांगता का?" तो म्हणाला, "अमृतांजनच्या अलीकडं हाय बगा. थांबा, आकडा बगून येतो." धुक्यात पळत गेला. परत आला तेव्हा धापा टाकत होता.

"चव्वेचाळीस. म्होरं सहाशे."

अकरा एकोणचाळीस. आठ मिनिटं फक्त जागा शोधण्यात गेली.

आता पोचायचं कसं? खालच्या बाजूची रुग्णवाहिका खालापूरला होती, तिच्यापुढे सगळा घाट भरलेला. लोणावळ्याच्या बाजूची वर होती आणि मुंबई लेन त्या वेळी मोकळी होती. ती मुंबई लेनने उतरून काकांच्या बरोबर समोर उभी राहिली असती, आणि पेशंट दुभाजकावरून पलीकडे घेता आला असता. तिथून सरळ खाली पनवेलच्या बाजूला, जिथे हार्टचे डॉक्टर आहेत.

अडचण एकच. महामार्ग पोलीस मुंबई लेनचा ब्लॉक घ्यायच्या तयारीत होते. असा जाम झाला की मुंबईकडे उतरणारी वाहतूक वरच थोडा वेळ थांबवतात आणि पुण्याकडच्या गाड्या दोन्ही बाजूंनी वर चढवतात. तुंबलेला घाट मोकळा करायचा तोच एक खात्रीचा उपाय. एकदा गाड्या उलट्या दिशेने सुटल्या की त्या लेनवरून रुग्णवाहिका उतरणं अशक्य. मी साहेबांना वायरलेसवर परिस्थिती सांगितली. त्यांच्यासमोर हजारो गाड्या हॉर्न वाजवत उभ्या होत्या, त्यांत लहान मुलं होती, म्हातारी माणसं होती. ते दोन सेकंद गप्प राहिले.

"पंधरा मिनिटं थांबतो. गाडी खाली उतरली की लगेच सांगा."

लोणावळ्याची गाडी सुटली. पेट्रोलिंगचे दोघं मोटार मागेच ठेवून जामातून चालत निघाले, स्ट्रेचर येईपर्यंत जागा करायला. ते पोचले तेव्हा ट्रेलरवाल्याने आधीच काम सुरू केलेलं होतं. मागच्या दोन लेनमधल्या गाड्या फूट-फूट मागे सरकवून त्याने कारपासून दुभाजकापर्यंत माणूस जाईल एवढी वाट काढली होती. शिवनेरीचा ड्रायव्हर, एक टेम्पोवाला, कारमधली दोन पोरं, सगळे उतरून उभे होते. रुग्णवाहिका समोर लागली, डॉक्टर दुभाजक ओलांडून आल्या, काकांना तपासलं, आणि स्ट्रेचर हातोहात पलीकडे गेला. हे मी पाहिलेलं नाही, पेट्रोलिंगच्या पोराने मला सगळं वायरलेसवर सांगितलं. "मॅडम, उचलला. मॅडम, दुभाजकावर. मॅडम, आत." माझा हात माइकवर घट्ट आवळलेला होता, ते मला नंतर बोटं दुखायला लागली तेव्हा समजलं.

बारा वाजून एका मिनिटाने गाडी खोपोलीच्या खाली उतरली. मी साहेबांना कळवलं. पंधराची सतरा मिनिटं झाली होती. ते काही बोलले नाहीत, फक्त "ठीक आहे" म्हणाले, आणि पुढच्या क्षणी चॅनेलवर ब्लॉकच्या सूचना सुरू झाल्या.

काकू रुग्णवाहिकेत बसायच्या आधी त्यांनी काकांचा फोन कानाला लावला. मी लाइन सोडलेली नव्हती. "बाळा, गाडीचं काय करू?" एवढंच विचारलं. किल्ली पेट्रोलिंगकडे द्या, गाडी आम्ही उतरवतो, म्हटलं. दुपारी क्रेनने ती खाली आणून लावली. त्याच तासात मी अजून चाळीसेक फोन घेतले असतील. एका गृहस्थांनी घाटात अडकल्याबद्दल टोल परत मागितला. त्यांना मी काय उत्तर दिलं ते आता आठवत नाही. त्यांच्याशी नीट बोलले असेन अशी आशा आहे.

संध्याकाळी साडेसहाला मुलगा गाडी न्यायला आला. तिशीतला, डोळे लाल. वडिलांची अँजिओप्लास्टी झाली होती, आयसीयूमध्ये होते. डॉक्टर म्हणाले होते, वेळेत आणलं. माझी ड्युटी संपत होती, म्हणून मीच किल्ली घेऊन खाली गेले. त्याने सही केली, गाडीचं दार उघडलं. आत पर्समधलं सामान तसंच सांडलेलं होतं, सुटी नाणी, अर्धवट रिकामं गोळ्यांचं पाकीट. त्याने वाकून ड्रायव्हरच्या सीटखाली हात घातला आणि चष्मा बाहेर काढला. एक काडी वाकलेली होती.

"आई सकाळपासून हाच विचारतेय," तो म्हणाला, आणि काडी बोटांनी हळूहळू सरळ करत तिथेच उभा राहिला.