रात्री साडेदहाचा चहा

रात्रीची जेवणे आवरून ओटा पुसून झाला की माझी आत्या स्वतःपुरता अर्धा कप चहा टाकते, बशीत ओतून फुंकर मारत तो संपवते आणि अंथरुणाला पाठ टेकताच घोरू लागते. तिचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे वडील, दुपारी चारनंतर चहाचे नावही काढत नाहीत. कुणाकडे आग्रहाखातर संध्याकाळी घोटभर घेतलाच, तर रात्री दोन वाजता त्यांच्या खोलीत दिवा लागलेला असतो. या फरकाचा निकाल आमच्या घरात केव्हाच लागलेला आहे: आत्या काटक, वडील नाजूक प्रकृतीचे. 'सगळे मनाचे खेळ' हा आत्याचा शेरा त्यावर शिक्क्यासारखा बसलेला असतो, आणि वडीलही काहीसे ओशाळून तो मान्य करतात.

हा निकाल मला पटत नाही, कारण या प्रकरणात मनापेक्षा यकृताचा हात मोठा असण्याची शक्यता आहे. चहा-कॉफीतून पोटात गेलेल्या कॅफिनपैकी सुमारे ९५ टक्के कॅफिन मोडून काढण्याचे काम यकृतातले एकच विकर, म्हणजे एन्झाइम, करते. त्याची कृती ज्या जनुकात लिहिलेली असते, ते सीवायपी१ए२ नावाचे जनुक १५ व्या गुणसूत्रावर असते आणि त्यातल्या एका अक्षराच्या फरकाने काहींचे विकर झपाट्याने काम उरकते, तर काहींचे रेंगाळत. रक्तातले कॅफिन निम्मे व्हायला निरोगी प्रौढ माणसाला साधारण ५ तास लागतात; पण ही सरासरी झाली, प्रत्यक्षात हा काळ दीड तासापासून साडेनऊ तासांपर्यंत कितीही असू शकतो. संध्याकाळी पाचला १०० मिलिग्रॅम कॅफिन असलेली कॉफी दोघांनी बरोबरीने घेतली, आणि एकाचा हा काळ अडीच तासांचा व दुसऱ्याचा नऊ तासांचा असला, तर रात्री दहाला पहिल्याच्या अंगात २५ मिलिग्रॅम उरते आणि दुसऱ्याच्या अंगात जवळजवळ ७०. त्या दुसऱ्याला 'मनावर घेऊ नकोस, पड शांत' असे सांगणे म्हणजे निव्वळ अन्याय आहे.

उरलेले कॅफिन करते काय, तेही पाहण्यासारखे आहे. आपण जागे असतो तोवर मेंदूत ॲडेनोसिन नावाचे रसायन साठत जाते आणि ते पेशींवरच्या आपल्या ठरलेल्या जागांवर, म्हणजे ग्राहींवर, जाऊन बसले की डोळ्यांवर झापड येते. कॅफिन त्या जागा आधीच अडवते, एसटीच्या खिडकीतून आत हात घालून सीटवर रुमाल टाकावा तशा. ॲडेनोसिन ताटकळत उभे राहते, कमी होत नाही, आणि रुमाल उचलला जाताच एकदम सगळे बसून घेते. या ग्राहींपैकी एका प्रकाराचे जनुक, एडीओआरए२ए, हेही माणसागणिक थोडे वेगळे असते, त्यामुळे विकर चपळ असूनही एखाद्याला एका कपाने छातीत धडधड आणि बोटांना कंप जाणवू शकतो.

सगळे जनुकांवर ढकलून मोकळेही होता येत नाही. सिगारेटच्या धुराने हेच विकर वाढते आणि कॅफिन दुप्पट वेगाने निघून जाते. म्हणून सिगारेट सोडलेल्या माणसाला नेहमीचीच कॉफी अचानक जड जाऊ लागते, आणि तो बिचारा सगळा दोष सिगारेट सुटण्याला देतो. गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत कॅफिन निम्मे व्हायला १५ तासही लागू शकतात. नवजात बाळाच्या यकृतात तर हे विकर जवळजवळ नसतेच. दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या ज्या बाळांचा श्वास मध्येच थांबतो, त्यांना डॉक्टर औषध म्हणून कॅफिनच देतात, आणि ते इतके रेंगाळते की दिवसातून एक मात्रा पुरते.

कॉफी नि हृदयविकार यांचा संबंध जनुकांवरून ठरतो का, हा प्रश्न मात्र अजून मिटलेला दिसत नाही. कोस्टा रिकामधल्या २००६ च्या अभ्यासात दिवसाला ४ किंवा अधिक कप पिणाऱ्या मंद विकराच्या गटात हृदयविकाराचा धोका वाढलेला आढळला, चपळ विकराच्या गटात आढळला नाही. पण ब्रिटनमधल्या सुमारे ५ लाख लोकांच्या माहितीवर बेतलेल्या २०१८ च्या अभ्यासात कॉफी पिणाऱ्यांच्या मृत्यूच्या प्रमाणात या जनुकांमुळे फरक पडलेला दिसला नाही. तेव्हा तेवढ्यासाठी पैसे मोजून जनुकचाचणी करवून घ्यावी असे मला वाटत नाही. ज्यांचे विकर चपळ असते ते आपोआपच जास्त कॉफी पितात असे आढळले आहे. म्हणजे चाचणीत जे कळायचे, त्याचा बराचसा अंदाज माणसाला रात्रीच्या झोपेवरून आधीच आलेला असतो.

राहता राहिला आत्याचा दुसरा आवडता दावा, की 'आमच्या घराण्यात सगळ्यांना चहा सोसतो'. या जनुकाची एक प्रत आईकडून येते आणि एक वडिलांकडून. आजी-आजोबा दोघांकडेही चपळ आणि मंद अशी एकेक प्रत असेल, तर एकाच घरात, एकाच पातेल्यातला चहा पिऊन वाढलेल्या बहीण-भावांपैकी एकीच्या वाट्याला दोन्ही चपळ आणि दुसऱ्याच्या वाट्याला दोन्ही मंद प्रती सहज येऊ शकतात. हे मी आत्याला समजावून सांगितले. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि वडिलांना विचारले, "मग तुला अर्धाच टाकू का?"