तुम्ही विचारलंत म्हणून: परदेशात जाऊन कंपोझर होता येतं का?

माझ्या व्हायोलिनच्या क्लासला मुलांना सोडायला येणारे पालक हमखास विचारतात, मॅडम, हा ऑर्केस्ट्रासाठी संगीत लिहायचं म्हणतोय, परदेशात गेला तर त्यावर पोट भरेल का? दारात उभं राहून सांगण्यासारखं नाही ते, म्हणून इथे लिहितेय.

मला अशा वेळी कंपोझर नरेश सोहल आठवतात. पंजाबातले, जन्म १९३९ चा, १९६२ मध्ये लंडनला गेले आणि बूझी अँड हॉक्स या म्युझिक छापणाऱ्या कंपनीत कॉपिस्ट म्हणून लागले. कॉपिस्ट म्हणजे काय, तर कंडक्टरपुढच्या स्कोअरमध्ये सगळी वाद्यं एकाखाली एक असतात, त्यातून प्रत्येक वादकाचा पार्ट वेगळा काढून हाताने लिहायचा, तेव्हा कॉम्प्युटर कुठला! बी फ्लॅट क्लॅरिनेटचं सगळं एक पूर्ण स्वर वर लिहायचं, कारण ते वाद्य लिहिल्यापेक्षा तेवढंच खाली वाजतं. आणि पान उलटायची जागा शोधायची. व्हायोलिनवाले एका स्टँडवर दोघं, एक वाजवतो तोवर दुसरा पान उलटतो, पण ओबोवाला एकटाच, त्याला उसंत मिळेल तिथेच पान संपलं पाहिजे. गेल्या महिन्यात मी माझ्या मुलांसाठी चार मिनिटांच्या पीसचे पाच पार्ट हाताने लिहिले, दोन संध्याकाळी गेल्या, तरी चेलोचं पान नेमकं जलद जागेत संपलं, ती मुलगी अडली आणि सगळेच थांबले. दुसऱ्यांची पानं अशी उतरवता उतरवता कुठल्या वाद्याचा दम किती हे हातात बसतं, कॉलेजात ते इतकं बसत नाही असं माझं ठाम मत आहे.

सोहल यांनी १९६५ मध्ये 'अष्ट प्रहर' लिहिलं, आपलेच आठ प्रहर, पण वेस्टर्न ऑर्केस्ट्रासाठी. ते लंडनमध्ये वाजलं १९७० मध्ये. पाच वर्षं! चित्रकाराला आपलं चित्र समोर दिसतं तरी, इथे सत्तर-ऐंशी माणसं जमल्याशिवाय स्वतःचंच संगीत कानावर पडत नाही. बीबीसी प्रॉम्स या लंडनच्या उन्हाळी संगीत महोत्सवात त्यांचं 'द वाँडरर' झालं १९८२ मध्ये, म्हणजे लंडनला जाऊन वीस वर्षं झाल्यावर, आणि त्यासाठी त्यांनी शब्द घेतले ते आपलं माणूस आणि घर गमावून थंड समुद्रावर भटकणाऱ्या माणसाच्या जुन्या अँग्लो-सॅक्सन कवितेचे. पंजाबातून गेलेल्या माणसाने इंग्रजांच्याच जुन्या भाषेतलं परकेपण उचलावं, हे मला फार मोठं वाटतं. पुढे १९८५ मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या ऑर्केस्ट्राने त्यांचं 'फ्रॉम गीतांजली' वाजवलं, कंडक्टर आपल्या मुंबईचे झुबिन मेहता. १९८७ मध्ये पद्मश्री मिळाली.

तेव्हा पोट भरेल का, तर भरेल, पण बरीच वर्षं आसपासच्या कामांवर: कॉपी करणं, शिकवणं, दुसऱ्यांचे पार्ट तपासणं. कमिशन, म्हणजे ऑर्केस्ट्राने पैसे देऊन आपल्याकडून लिहून घेणं, ते खूप उशिरा येतं आणि दरवर्षी येईलच असं नाही. हे मुलाला आत्ताच सांगा, लपवू नका, पण त्याला अडवूही नका.

येत्या शनिवारी त्याला अर्धा तास आधी पाठवा. चार वाद्यांचा छोटा स्कोअर देते, त्याचे पार्ट हाताने लिहू दे, पान कुठे उलटतोय ते बघू.